म्हशीसकट घर : कृष्णाकाठच्या एका उंच घराच्या नोंदी

14 डिसेंबर

मावशीचा फोन. घराचं शेवटी मनावर घेतलंय. 2019 च्या पुरात मागची भिंत पडली, 2021 च्या पुरात उरलेल्या फुगल्या, आणि दोन्ही वेळी पत्रे मारून भागवलं. आता मावसभावाचं लग्न बघतायत, आणि मुलीकडची माणसं चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतात, "घरात पाणी येतं का?"

माझ्याकडे नकाशा जवळजवळ तयारच आहे. कॉलेजचा मित्र दापोलीकडे किनाऱ्यालगत कामं करतो. निसर्ग वादळानंतर त्याने खाडीकाठच्या एका कुटुंबाला खांबांवर उचललेलं घर काढून दिलं होतं, तळ पूर्ण मोकळा. त्याच्याकडून फाइल मागवली. वरचं नाव बदलायचं, खोल्या थोड्या इकडेतिकडे करायच्या, की झालं. असं आज तरी वाटतंय.

17 डिसेंबर

गावात गेले. पहिलं काम म्हणजे पाणी कुठवर आलं होतं ते मोजणं. सांगलीत सगळं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फुटांत बोलतात: 40 फूट इशारा, 45 धोका, 2005 ला जवळपास 54, 2019 ला साडेसत्तावन्न, 2021 ला पंचावन्नाच्या आसपास. हे आकडे शेंबड्या पोरालाही पाठ. पण पुलावरचा फूट वेगळा आणि मावशीच्या दारातला वेगळा. नदीचा उतार, वळण, वाटेतले बांध यांमुळे फरक पडतो. दारातली खूण दारातच शोधावी लागते.

शाळेच्या भिंतीवर 2019 ची रंगाने मारलेली रेघ आहे. मारुतीच्या देवळात दीपमाळेवर दुसरी. शेजारच्या आक्कांनी स्वयंपाकघरातली चुन्यावरची गाळाची कडा मुद्दाम ठेवलीय, पुसू देत नाहीत. तिन्ही ठिकाणांहून पाण्याची नळी धरून मावशीच्या उंबऱ्यापर्यंत पातळी आणली. शाळा आणि दीपमाळ एक इंचाच्या आत जुळली, आक्कांची चार इंच वर निघाली. रंगवणाऱ्याने रेघ पाणी ओसरायला लागल्यावर मारली असणार. गाळाला खोटं बोलायचं कारण नाही. आक्कांची धरली.

मावशीच्या दारात, आताच्या जमिनीपासून: 2019 ला 6 फूट 4 इंच. 2021 ला 3 फूट 10 इंच. 2005 ला अडीच फूट, तेही काकांच्या मांडीवरच्या अंदाजाने. "हितवर हुतं बघ," म्हणून त्यांनी हात लावून दाखवला. मी टेप लावला.

चहाच्या टपरीवर अर्धा तास कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर वाद झाला. फुगवटा तिथून की कोयनेच्या विसर्गातून, की हरिपूरला वारणा येऊन मिळते तिथे दोन्ही नद्या एकमेकींना अडवतात म्हणून. मी गप्प बसून ऐकलं. पाणी कुणाचंही असो, माझ्या खांबाला ते सारखंच लागणार.

21 डिसेंबर

पूररेषेचा नकाशा बघितला. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मध्ये परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर हवं. मावशीची जागा या मधल्या पट्ट्यात येते. हुश्श.

0.45 मीटर म्हणजे दीड फूट. लाल रेषेची पातळी आणि 2019 ची खूण, दोन्हींतली जी वर असेल तिच्यावर दीड फूट धरायचं ठरवलं. आणि हा दीड फूट फरशीच्या माथ्यापर्यंत न मोजता बीमच्या तळापर्यंत मोजायचा, म्हणजे बीमला झाडाचं खोड आडवं अडकणार नाही. 6 फूट 4 इंच अधिक दीड फूट, बीमचा तळ 7 फूट 10 इंचांवर. त्यावर बीम आणि स्लॅब मिळून दीड फूट. फरशी 9 फूट 4 इंचांवर.

26 डिसेंबर

मित्राचं ड्रॉइंग आणि आपली जागा शेजारीशेजारी ठेवून बसले. त्याच्याकडे पाणी लाटेने येतं, आदळतं, आणि भरतीमागून ओहोटी येते. फोनवर म्हणाला, "आमचं पाणी पाहुण्यासारखं, आलं तसं जातं." आमचं पाणी भाडेकरूसारखं आहे. 2019 ला आठवडाभर हललं नाही. म्हणजे त्याच्याकडे प्रश्न धक्क्याचा, आपल्याकडे मुक्कामाचा.

तरी जोर किती लागतो ते काढून बघितलं, कारण काकांना खाली भिंती हव्यात. 15 इंची गोल खांब, 6 फूट 4 इंच पाण्यात. वेग सेकंदाला 2 मीटर धरला तर एका खांबावर साधारण 180 किलोचा रेटा. वेग 1 मीटर असेल तर 45 किलो. वेग निम्मा झाला की जोर पावपट होतो. चौकोनी खांब घेतला तर गोलापेक्षा दीडपटीहून जास्त. पण खांबांच्या मध्ये 28 फुटांची भिंत घातली, तर तोच 2 मीटरचा प्रवाह तिच्यावर चार टनांहून जास्त जोर टाकतो. आणि पाणी स्थिर असलं तरी, बाहेर भरलंय आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या दर फुटाला साडेपाचशे किलोहून जास्त दाब येतो. 2019 ला मागची भिंत पडली ती अशीच. दरवाजाला वाळूची पोती लावून पाणी बाहेर ठेवायचा प्रयत्न केला होता. आत येऊ दिलं असतं तर दोन्हीकडून दाब सारखा होऊन भिंत कदाचित राहिली असती. हे मावशीला सांगितलं नाही. पोती तिनेच भरली होती.

खारी हवा आपल्याकडे नाही, एवढं एक सोपं. मित्राने एम 30 ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण (कव्हर) घेतलंय. आपल्याला एम 25 आणि खांबांना 40 चालेल.

3 जानेवारी

नकाशा दाखवायला गेले. खांबांवरचं घर, पुढे रुंद जिना, वर सोपा, माजघर, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. काका खूश. मावसभावाने लगेच फोटो काढून कुणाला तरी पाठवला. मावशीने ओट्याची दिशा विचारली.

काकांच्या आईने, म्हणजे थोरल्या आजींनी, कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "म्हस कुठनं चढायची?"

मी म्हटलं, आजी, हा माणसांचा जिना. गोठा खाली, आहे तिथेच.

"मग मी बी खालीच की."

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत.

घरी येताना गाडीत डोक्यात तेच. 2019 ला ही माणसं बाहेर का पडली नाहीत ते मला माहीत होतं, पण नकाशावर बसताना विसरले होते. स्पीकरवरून पुकारा झाला, बोट दारापर्यंत आली, आणि काका म्हणाले, आधी जनावरांचं सांगा. बोटीत जनावर घेत नाहीत. शेवटी गळ्यापर्यंत पाणी आल्यावर दावी कापली. म्हैस पोहते, चार दिवसांनी दोन म्हशी दीड किलोमीटरवरच्या उसात सापडल्या. गाय आणि वर्षाची कालवड सापडली नाही. ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं नेणारी बोट उलटून माणसं बुडाली, तोच आठवडा. त्यानंतर आजी बोटीचं नाव काढू देत नाहीत.

म्हणजे मी घर नऊ फूट उचललं आणि ज्यांच्यासाठी घरचे पाण्यात उभे राहतात त्यांना खालीच ठेवलं. पुढच्या पुरात काका त्या भारी जिन्यावरून खाली उतरून गोठ्यात जाणार, आणि तिथेच थांबणार. मित्राच्या ड्रॉइंगमध्ये जनावर नव्हतं, कारण त्याच्या कुटुंबाकडे होडी होती आणि एक कुत्रा.

8 जानेवारी

पर्याय एक: मातीचा उंचवटा. बांगलादेशच्या किनारी भागात चक्रीवादळाच्या वेळी जनावरं ठेवायला मातीचे मोठे ढिगारे आहेत, त्यांना तिथे किल्ला म्हणतात. कल्पना साधी आणि मजबूत. मी गणित केलं: वर 20 बाय 30 फुटांची जागा, उंची 9 फूट, बाजूला दोनास एक उतार. तळाला 56 बाय 66 फूट होतात. मुरूम 174 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट), आणि धुम्मस मारून दाबायचा म्हटलं की आणावा लागणार त्याहून जास्त. जमीन तीन गुंठ्यांहून जास्त जाते. मावशीच्या पूर्ण परड्यात तेवढी जागा नाही. शिवाय प्रत्येक घराने असा ढीग घातला तर पाणी शेजाऱ्याच्या घरात ढकलल्यासारखं. गावाने मिळून एक केला तर गोष्ट वेगळी. सरपंचांच्या कानावर घालून ठेवलं. ते म्हणाले, "कुणाच्या जमिनीत?" विषय तिथेच संपला.

पर्याय दोन: रॅम्प. 9 फूट 4 इंच चढायला सहा फुटाला एक फूट धरलं तर 56 फूट लांब. घरापेक्षा रॅम्प मोठा.

पर्याय तीन रात्री सुचला. जनावरांना घराच्या बरोबरीने चढवायची गरज काय? त्यांचा मजला वेगळा आणि खालचा करायचा: 2019 च्या खुणेवर एक फूट, म्हणजे 7 फूट 4 इंचांवर. त्याचे बीम तसल्या पुरात सहा इंच पाण्यात जातील. जाऊ देत. पण बीमच्या चौकटीत हवा अडकली तर पाणी स्लॅबला खालून उचलतं. सहा इंचांना चौरस मीटरला सुमारे 150 किलो. पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन तीनशेच्या वर आहे, त्यामुळे उचलला जाणार नाही, तरीही प्रत्येक बीममध्ये वरच्या बाजूला पाइपचे तुकडे टाकून हवेला वाट द्यायची. रॅम्प 44 फूट. मध्ये वळण घेतलं की 22 आणि 22. बसतो.

9 जानेवारी

आजींना फोनवर सांगितलं. "वळणावर म्हस थांबती," म्हणाल्या. एवढंच.

15 जानेवारी

संक्रांत. सुट्टी. तिळगूळ घेऊन गेले आणि जेसीबीवाल्याला गोड बोलून परड्यात मुरूम टाकून घेतला, दोन चढ केले: एक चारास एक, एक सहास एक, पाच फूट उंच. वर फळ्या.

चार म्हशींची परीक्षा. चारास एकच्या चढावर मोरी नावाच्या म्हशीने दोन पावलं टाकली आणि मागे सरकली ती काकांच्या पायावर. सहास एकवर ती सरळ चढली, कारण वर वाडं (उसाचे हिरवे शेंडे) ठेवलं होतं. तिच्या मागून दोन चढल्या. चंद्री चढली नाही. ओढली, ढकलली, मावसभावाने शेपूट पिरगाळलं, आजींच्या शिव्या खाल्ल्या. चंद्री तिथेच उभी, डोळे मोठे करून बाजूला खाली बघत.

आजी म्हणाल्या, "तिला खालचं दिसतंय." त्यांनी लुगडं आणून चढाच्या कडेला दोन बांबूंवर आडवं धरायला लावलं. चंद्री चढली.

म्हणून रॅम्पला दोन्ही बाजूंनी जाळी किंवा पाइपचं रेलिंग चालणार नाही. छातीपर्यंत भरीव कठडा हवा, साडेचार फूट. पूरपाण्याच्या हिशोबाने भरीव कठडा वाईट, पाणी अडवतो. मग कठडा प्रवाहाला समांतर जाईल अशी रॅम्पची दिशा फिरवली. नदी आमच्या पश्चिमेला, पण 2019 ला गल्लीतून पाणी उत्तरेकडून आलं होतं. दोन घरांनी सांगितलं, कचरा कुठल्या बाजूला साचला होता ते दाखवलं. रॅम्प उत्तर-दक्षिण.

उतरायला सांगितलं तेव्हा एकही उतरेना. हे आज सोडून दिलं. मुरूम कुदळीने पसरून उतार सपाट केला तेव्हा उतरल्या.

26 जानेवारी

आरसीसीवाले सर, म्हणजे खांब-बीमच्या ताकदीचा हिशोब करणारे इंजिनिअर, ऑफिसात आले, झेंडावंदन उरकून. नकाशा बघून पहिलं वाक्य, "आज तारीख काय?" 2001 ला याच दिवशी सकाळी भूज हललं, आणि तिथून दूर अहमदाबादेत ज्या इमारती बसल्या त्यांतल्या कितीतरी खाली पार्किंग मोकळं सोडलेल्या होत्या. वर भिंतींनी ताठ, खाली नुसते खांब. भूकंपात सगळी हालचाल खालच्या मजल्यात गोळा होते आणि खांब माथ्याशी, पायाशी मोडतो. तू पुरापासून वाचायला जे करतेयस तेच भूकंपात मारतं, म्हणाले.

सांगली भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, आणि कोयना काही लांब नाही. आजींना 11 डिसेंबर 1967 ची पहाट आठवते. मडक्यांची उतरंड कोसळली आणि त्या, तेव्हा नव्या नवरी, शाल न घेता अंगणात पळाल्या. म्हणजे या घराला दोन आया आहेत, एक पाण्याची, एक जमिनीची, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही.

सरांनी तोडगा काढला तो असा. पाण्याच्या दिशेत लांबीने दोन काँक्रीटच्या भिंती, आठ इंची. पाण्याला त्यांची फक्त धार दिसते. आडव्या दिशेत दोन आखूड भिंती, तीन-तीन फुटांच्या, घराच्या मध्यावर, एका खांबाच्या मागे दडवलेल्या. खांबांतल्या सळयांभोवतीच्या रिंगा माथ्याला आणि पायाला चार इंचांवर. जमिनीलगत सगळे खांब बीमने बांधायचे. वरच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या, म्हणजे डोक्यावर ओझं कमी. खांबांमध्ये तिरके बांबूसारखे आधार (ब्रेसिंग) नकोत. त्यात जलपर्णी आणि उसाची पाचट अडकून भिंतच तयार होते.

आणि रॅम्प घराला चिकटवायचा नाही. मी चिकटवला होता. तिरका रॅम्प म्हणजे घराच्या कुशीत टेकवलेली तिरकी मेढ, भूकंपात सगळा जोर तिथे ओढला जातो. दोन इंचांची फट ठेवून रॅम्प आणि जनावरांचा मजला आपल्या पायावर उभा. घर वेगळं. वर फक्त एक सुटी पत्र्याची फळी, ओलांडायला.

6 फेब्रुवारी

खड्डा घेऊन बघितला. साडेआठ फूट काळी माती, त्याखाली पिवळी चिकण, चौदा फुटांवर थांबलो तरी मुरूम नाही. काठची मळीची जमीन, उसाला सोनं, पायाला वैरी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर साधं फुटिंग (उथळ पाया) टाकलं तर घर दरवर्षी श्वास घेतं. अंडररीम्ड पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे: 300 मिलिमीटरचा दांडा, खाली त्याच्या अडीचपट रुंद फुगा, म्हणजे 750. मातीने वर ओढलं तर हा फुगा नांगरासारखा धरून ठेवतो. रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) हे काळ्या मातीसाठीच विकसित केलं. जमिनीलगतचे बीम मातीला टेकवायचे नाहीत, खाली तीन-चार इंच पोकळी, म्हणजे माती फुगली तरी तिला जागा.

मिस्त्रींना ही पोकळी पटली नाही. "बीम हवेत?" त्यांच्या हाताखालच्या पोराने दुसऱ्या दिवशी मुकाट्याने मुरूम भरला. उकरून काढला.

1 मार्च

परवानगी आली. चार हेलपाटे. त्यातला एक अशासाठी की रॅम्पला नकाशावर काय म्हणायचं यावर टेबलामागच्यांचं एकमत होईना. शेवटी "जनावरांसाठी चढण" लिहिलं.

11 मार्च

खाली काय करायचं यावर काकांशी शेवटची चर्चा. ट्रॅक्टर उभा राहू दे, ट्रॉली राहू दे, बाज टाका. भिंत नाही, शटर नाही, दुकानाचा गाळा नाही. "लोकांनी केलंय," म्हणाले. केलंय खरं. खांबांवर घर बांधून दोन वर्षांत खाली भिंती घालणारे मी पाहिलेत. मग उंच घराचं पुन्हा साधं घर होतं, फक्त महाग. उन्हापासून आडोसा हवा म्हणून बांबूच्या तट्ट्या, सुतळीने बांधलेल्या. पाणी आलं की सुतळी तुटेल आणि तट्ट्या जातील. मित्र किनाऱ्यावर हेच करतो, ठरावीक जोराला सुटतील अशा भिंती, त्याचे बोल्ट मोजून मापून. आमच्याकडे सुतळी.

18 ते 30 मार्च

पाइल. अठरा घराचे आणि मजल्याचे, चार रॅम्पचे. भुईतलं पाणी अजून खाली आहे म्हणून बोअर कोरडे. लिहिण्यासारखं विशेष नाही, फक्त ऑगर (जमिनीत भोक पाडायचा गिरमिट) चालवणारी पोरं बारीक असूनही फुगा कापताना अंगात काय येतं त्यांच्या, ते बघण्यासारखं होतं.

9 एप्रिल

गुढीपाडवा. आजींनी पहिल्या खांबाच्या सळयांना कडुलिंबाचा डहाळा बांधला.

मग क्रम बदलायचा निर्णय. नेहमीचा क्रम घर आधी, गोठा नंतर, उरल्या पैशात. पण जूनपर्यंत घर होणार नाही हे सगळ्यांना दिसतंय. पैसे आहेत तेवढ्यात जनावरांचा मजला आणि रॅम्प आधी, घराचे खांब स्लॅबच्या पातळीपर्यंत, आणि थांबायचं. माणसं पाणी आलं तर चुलत्यांच्या माडीवर जातील. मावसभाऊ नाराज; लग्नाच्या बैठकीत दाखवायला गोठा. मावशी म्हणाली, गोठाच दाखव, त्यावरून घर कळतं.

23 एप्रिल

आठ दिवसांचा हिशोब, कारण पाणी तितकं राहतं. चार मोठी जनावरं. नुसत्या कडब्यावर एकाला दिवसाला आठ किलो धरलं तर 256 किलो. पेंढी पावणेदोन किलोची धरून साधारण दीड शेकडा पेंढ्या. त्या ठेवायला मजल्याच्या कोपऱ्यात फूटभर उंच माच. पाणी: म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर सहज पिते. चारही मिळून आठ दिवसांचे जवळपास दोन हजार लिटर होतात. मी माणसांसाठी हजार लिटरची टाकी काढली होती आणि खूश होते. आता जनावरांच्या मजल्यावर वेगळी दोन हजारांची. भरल्यावर दोन टन. तिच्याखाली खांब येईल अशी सरकवली.

दूध. डेअरी बंद, रस्ता बंद, पण पिळावं तर लागतंच, नाहीतर कास सुजते. 2019 ला चुलत्यांनी दूध पाण्यात ओतलं. आजी म्हणाल्या, चूल वर असली तर खवा करू. खव्यासाठी जळण. जळणासाठी जागा. माच दीड फूट वाढवला.

शेण. मजल्याला उत्तरेकडून दक्षिणेला उतार दिला, टोकाला सांडपाण्याची मोरी. पुरात ते पाण्यातच जाणार; याला माझ्याकडे उत्तर नाही.

माणसांचा संडास: शोषखड्डा, टाकी सगळं पाण्याखाली जाणार, आणि मैला वर येणार. टाकीच्या पाइपवर मैला उलटा येऊ न देणारी झडप, आणि वरच्या मजल्यावर एक छोटी आपत्कालीन टाकी. जमिनीतली टाकी रिकामी असेल तर ती तरंगून वर उचकटते, म्हणून पूर येणार असं दिसलं की ती साध्या पाण्याने भरायची. हे कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवायचं. माझ्यावर आणि आठवणीवर विसंबायचं नाही.

15 मे

जनावरांच्या मजल्याचा स्लॅब. मिक्सर सकाळी सात, संपलं साडेचारला. बीममधले हवेचे पाइप मी स्वतः मोजले. आठपैकी एकात सेंट्रिंगवाल्याने कागदाचा बोळा राहू दिला होता. रॅम्पला खाचा पाडल्या, दीड इंच खोल, आडव्या, दर सहा इंचांवर.

पाणी मारायची जबाबदारी आजींनी घेतली. दिवसातून चार वेळा पोत्यांवर. मिस्त्रींना दटावून ठेवलं, "माझ्या म्हशीचं हाय हे."

20 जून

काँक्रीटच्या क्यूबचे (ताकद तपासायच्या ठोकळ्यांचे) रिझल्ट. चांगले आले. कठडा झाला, प्लास्टर नाही. घराचे खांब वर आलेत, टोकाला सळया उघड्या; त्यांना सिमेंटची लापशी लावून पिशव्या बांधल्या. वरून घर अर्धवट आणि गोठा पूर्ण, रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात. एकाने विचारलं, दवाखाना बांधताय का जनावरांचा.

25 जुलै

कोयनेच्या पाणलोटात जोराचा पाऊस. गावच्या ग्रुपवर दर तासाला आयर्विनची पातळी. खालच्या रानात पाणी आलं, मावशीच्या दारापासून अजून बरंच लांब. काकांनी दुपारीच ठरवलं, आज रात्री वर. पाणी येईल म्हणून नाही. एकदा करून बघू म्हणून.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा मोरी आणि दोघी वर होत्या. चंद्री वळणावर उभी. आजी तिच्या पुढे, पाठ करून, काही न बोलता पाटीत वाडं मोडत होत्या. दहा मिनिटं गेली असतील. चंद्री आली.

रात्री अकराला खालून मण्यार जाताना दिसली. पाण्याआधी साप उंच जागा शोधतात, हे लक्षात ठेवून रॅम्पच्या तळाशी दिवा हवा.

26 जुलै

सकाळी पाऊस ओसरला. पाणी दारात आलं नाही. जनावरं खाली आणायची तर उतरेनात, जानेवारीत झालं तेच. रात्रभराच्या शेणामुताने खाचा भरून रॅम्प गुळगुळीत झाला होता, आणि उतरताना म्हशीचं सगळं वजन पुढच्या पायांवर येतं. मावसभाऊ बाजूने घसरला, कोपर सोललं. शेवटी खराट्याने धुऊन, वर बगॅस (उसाचा चोथा) पसरून, एकेक करून खाली. पाऊण तास.

करायचं: खाचा अडीच इंच, आणि आडव्या नकोत, तिरक्या, म्हणजे घाण आपोआप कडेला वाहील. कठड्याच्या तळाशी दर चार फुटांवर भोक. वळणाचा चौथरा सहा फुटांचा आहे, आठचा हवा होता. मोरीला वळताना शिंग घासतंय. बगॅसची चार पोती माचावर कायम. मिस्त्रींना फोन केला, सोमवारी येतो म्हणाले.